पैशाची भीती, पैशाची भीड: पहिल्यांदाच स्वतःचा पैसा हाताळणाऱ्यांसाठी

बँकेचा मेसेज आला की तो न उघडताच बाजूला सारणारा एक. दिवसातून दहा वेळा खात्यातली शिल्लक बघूनही जिवाला चैन नसलेली दुसरी. चुलतभावाने पाच हजार मागितले की खिशात नसतानाही "बघतो, करतो काहीतरी" म्हणणारा तिसरा. आणि स्वतःच्या कमाईतून साडेतीनशेच्या चपला घेतल्या तरी घरी येऊन "सेलमध्ये दीडशेला मिळाल्या" असं सांगणारी चौथी. या चौघांचा पगार एकच असू शकतो. चौघांना बेरीज-वजाबाकीही चांगली येत असेल.

तरी त्यांच्या हातात बजेटचं ॲप देऊन फारसं काही होत नाही. आठवडाभर नोंदी होतात आणि बंद पडतात. हिशेब जमत नाही असं नसतं. हिशेबाला बसलं की पोटात जो गोळा येतो तो सहन होत नाही. भीती, लाज, भीड, हेवा, अपराधी वाटणं, ही मंडळी आपल्या नकळत पैशाचे निर्णय घेत असतात. त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय पुढचं काही टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नुकती नोकरी लागलेल्यांसाठी, नव्याने संसार मांडलेल्यांसाठी, आणि घरातलं कर्तं माणूस गेल्यामुळे पहिल्यांदाच बँकेत एकटीने जाऊ लागलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. एकेका पायरीला आठवडा-दोन आठवडे गेले तरी चालतील. मात्र कर्जाच्या हप्त्यांनी झोप उडाली असेल तर थेट पाचवी पायरी वाचा, बाकीचं सावकाश.

पहिली पायरी: घरात ऐकलेली वाक्यं कागदावर उतरवा

एक कोरा कागद घ्या. लहानपणापासून पैशाबद्दल जे कानावर पडलं ते जसंच्या तसं लिहा. "पैसे काय झाडाला लागतात?" "असल्या दुकानात आपल्यासारख्यांनी जायचं नसतं." "एवढा पैसा सरळ मार्गाने येतच नाही." "चार लोकांत शोभलं पाहिजे." "बाईच्या हाती पैसा टिकत नाही." प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे कोण म्हणायचं आणि केव्हापासून म्हणायला लागलं.

हे 'केव्हापासून' फार कामाचं आहे. आजी शिळी भाकरी टाकू देत नसेल आणि धान्याच्या डब्यात नोटा दडवून ठेवत असेल, तर तिने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला असतो. दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या बाईला महिनाअखेरीस चार पैसे हाताशी असणं म्हणजे काय, हे आपल्याला कळणार नाही. मुंबईत लालबाग-परळच्या अनेक घरांमध्ये "नोकरीचा भरवसा धरू नको" हे वाक्य १९८२ च्या गिरणी संपातून आलेलं आहे. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातल्या बहुतेकांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. आणि अलीकडचं बोलायचं तर सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या मुंबईतल्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या घरातली मुलं आज पंचविशीत आहेत आणि बँकेचं नाव निघालं की अजूनही बिचकतात.

या भीतीला हसू नका, तिच्या मागे खरी झळ आहे. फक्त एक प्रश्न विचारा: ज्या संकटातून हे वाक्य आलं, ते संकट आज माझ्यासमोर आहे का, आणि असेल तर त्यावर आज काही उपाय आहे का? बँकेचंच घ्या. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या ठेवींना मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत, हे गावाकडच्या घरी जरूर सांगा. म्हणजे "बँकेत पैसे ठेवायचेच नाहीत" या भीतीच्या जागी "कुठल्या बँकेत किती ठेवायचे" हा प्रश्न येतो. भीती पूर्ण जात नाही, पण तिच्याशी काय करायचं ते कळतं. कागदावरच्या प्रत्येक वाक्याशी असंच बोला. काही वाक्यं तशीच ठेवावीशी वाटतील. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' मला तरी आजही पटतं.

दुसरी पायरी: आठवड्यातून एकदा आकडा बघा

बाजार पडला की गुंतवणूकदार आपलं खातं उघडून बघणंच कमी करतात, असं स्कँडिनेव्हियातल्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळलं होतं. नको ते दिसेल म्हणून बघायचंच नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. पण न बघितलेला आकडा डोक्यात वाढत राहतो, आणि बहुतेक वेळा तो खऱ्या आकड्यापेक्षा भयंकर असतो.

म्हणून वेळ ठरवा. रविवारी सकाळी चहा झाल्यावर वीस मिनिटं बरी. रात्री मुळीच नको. थकलेल्या डोक्याला प्रत्येक आकडा मोठा दिसतो. वहीत चार ओळी लिहायच्या: खात्यात किती आहेत, कार्डावर किती देणं आहे, या महिन्यात कुठले हप्ते जायचे आहेत, आणि कोणाला उसने दिले किंवा कोणाकडून घेतले. बस. या बैठकीत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, स्वतःला बोल लावायचे नाहीत, वही मिटायची आणि उठायचं.

पहिल्या एक-दोन वेळेला छातीत धडधडेल. धडधडू द्या. वही मिटल्यावर खाली जाऊन भाजी आणा किंवा कोणाशी तरी बोला. तिसऱ्या-चौथ्या रविवारी धडधड ओसरलेली असते, कारण आकडा बघूनही आभाळ कोसळत नाही हे शरीराला कळलेलं असतं.

जे दिवसातून दहा वेळा शिल्लक बघतात त्यांनी हेच उलट करायचं: बघायचं ते फक्त रविवारी. बँकेचं ॲप फोनच्या पहिल्या पानावरून काढून ठेवा. पैसे वजा झाल्याचे मेसेज मात्र बंद करू नका, फसवणूक झाली तर तेच आधी सांगतात.

तिसरी पायरी: खर्चापुढे मनाची अवस्था लिहा

दोन आठवडे एवढंच करा. किराणा, भाडं, बसचा पास लिहू नका. ज्या खर्चावाचून अडलं नसतं तो लिहा, आणि पुढे त्या वेळी काय चाललं होतं ते. एखादं पान असं दिसेल:

मंगळवार, रात्री ११.२०. कुर्ता, ८९९. दुपारी मॅनेजरने सगळ्यांसमोर झापलं.
गुरुवार. काही नाही.
शनिवार. ढाब्यावर सगळ्यांचं बिल मी भरलं, २,१४०. समीरचं प्रमोशन झालं, माझं नाही.
रविवार. आईला साडी, १,६००. तीन आठवडे फोन केला नव्हता.

हे पान वाचायला कोणाची मदत लागत नाही. कुर्ता आवडला म्हणून घेतलेला नाही, आणि ढाब्यावरचं बिल मोठेपणातून भरलेलं नाही. आईची साडी वाईट खर्च आहे असं मी म्हणणार नाही, पण तिला बहुधा फोन जास्त हवा होता.

शिवाय आजकाल पैसे जाताना कळतही नाही. नोटा मोजून द्यायच्या तर हात जरा अडखळतो. या अडखळण्याचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. ज्यांना कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांनी रोखीवाल्यांपेक्षा बरीच जास्त बोली लावली. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने तर कार्ड काढायचीही गरज ठेवली नाही. सोय मोठी आहे, मी ती सोडा म्हणणार नाही. फक्त ते अडखळणं थोडं परत आणा. यूपीआयला जोडायला वेगळं खातं ठेवा आणि दर सोमवारी आठवड्याची ठरावीक रक्कम त्यात टाका; पगाराचं खातं यूपीआयला जोडूच नका. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. आणि रात्री दहानंतर काहीही विकत घ्यायचं नाही, बास्केटमध्ये टाकून ठेवायचं. सकाळी हवंसं वाटलं तर खुशाल घ्या.

चौथी पायरी: पैशाला कामं वाटून द्या

आपल्या आज्यांचं एक शास्त्र होतं. दुधाचे पैसे एका पुडीत, भाड्याचे दुसऱ्या, वारीचे तिसऱ्या. एका पुडीतले दुसऱ्या कामाला काढायचे नाहीत. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी माणसाच्या याच सवयीचा, मनातल्या मनात पैशाचे कप्पे करण्याचा अभ्यास केला. अर्थशास्त्राच्या काटेकोर नजरेने बघितलं तर सगळे रुपये सारखेच, कप्पे करण्यात तर्क नाही. पण मनाला त्याने शांतता मिळते आणि हात आवरतो, म्हणून मी त्याची बाजू घेते.

उदाहरण म्हणून पिंपरी-चिंचवडमध्ये कॉट बेसिसवर राहणारा, हातात २८,००० पगार येणारा मुलगा धरू. घरी ८,०००. खोली आणि मेस ९,५००. प्रवास, मोबाइल वगैरे २,०००. अडीअडचणीसाठी ३,०००. सण, आहेर, वाढदिवस यांसाठी १,५००. आवर्ती ठेव किंवा एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिना ठरावीक रक्कम गुंतवणं, २,०००. आणि २,००० त्याचे स्वतःचे, ज्यांचा हिशेब कोणीही मागायचा नाही, त्याने स्वतःसुद्धा नाही.

हे शेवटचे दोन हजार सर्वांत आधी कापले जातात आणि सगळी घडी तिथेच विस्कटते. स्वतःवर खर्च करताना चोरी केल्यासारखं वाटणारी माणसं महिनोन्महिने मन मारतात आणि एके दिवशी पंचवीस हजारांचा फोन हप्त्यावर उचलतात. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, हे फार आहे. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर माझं, आणि उरत तर कधीच नाही. तेव्हा रक्कम दोनशे असली तरी चालेल, पण नाव द्या, बाजूला काढा, आणि खर्च केल्यावर चपलांची खरी किंमत घरात सांगा.

अडीअडचणीच्या कप्प्याचं पहिलं ध्येय छोटं असू द्या: एका महिन्याचं भाडं, जेवण आणि औषधं निघतील एवढं. सहा महिन्यांचा खर्च साठवा असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो चुकीचा नाही, पण २८ हजारांत तो आकडा ऐकूनच माणूस हातपाय गाळतो.

पाचवी पायरी: कर्ज असेल तर ते उजेडात आणा

कर्जात सर्वांत जास्त छळते ती लाज. हप्ता थकला की माणूस फोन उचलत नाही, मित्रांना टाळतो, घरी खोटं बोलतो, आणि एक कर्ज फेडायला दुसरं काढतो. मग स्वतःलाच म्हणतो, माझी अक्कल कुठे गेली होती?

अक्कल कुठे जाते याचं एक उत्तर ऊस पिकवणाऱ्यांकडून मिळालं आहे. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये आला. उसाचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात, त्यामुळे तोडणीआधी ओढाताण आणि नंतर हात मोकळा, अशी त्यांची स्थिती असते. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही काळांत तर्काच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, पण पैशाची चणचण असताना त्याची उत्तरं स्पष्टपणे खालावली. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांच्या घरी उसाचं बिल यायची वाट बघितली जाते त्यांना यात नवल वाटणार नाही. चणचण डोक्याचा मोठा भाग व्यापून टाकते आणि उरलेल्या भागात नीट विचार होत नाही. तेव्हा अडचणीत असताना घेतलेल्या चुकीच्या निर्णयावरून स्वतःच्या लायकीचा निवाडा करू नका. आणि त्याच कारणाने, अडचणीत असताना एकट्याने नवा निर्णयही घेऊ नका.

एका विश्वासाच्या माणसाला बोलवा. बहीण, मित्र, जुने शिक्षक, कोणीही, पण तुम्हाला लेक्चर न देणारं. त्याच्यासमोर बसून सगळी देणी एका कागदावर लिहा: कोणाचं, किती, व्याज किती, हप्ता कधी. मित्राकडून घेतलेले पाचशेसुद्धा. बेरीज मोठ्याने वाचा.

मग क्रेडिट कार्डाकडे बघा. समजा ५०,००० थकले आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के आहे आणि बिलावर 'किमान देय' २,५०० दिसतं आहे. महिन्याचं व्याज झालं १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. म्हणजे तुम्ही भरलेल्या २,५०० मधले २,०६५ तिथेच गेले आणि मूळ देणं कमी झालं फक्त ४३५ ने. 'किमान' भरून सुटल्याची जी हायसं वाटणारी भावना असते, तिची ही किंमत आहे. अशा वेळी कार्ड वापरणं थांबवा आणि बँकेला स्वतःहून फोन करा: "मला एकरकमी जमत नाही, हप्ते पाडून द्या, व्याज किती लावाल ते लेखी कळवा." जमल्यास कमी व्याजाचं कर्ज काढून कार्डाचं देणं संपवा. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्जाचा व्याजदर कार्डापेक्षा खूपच कमी असतो. सोनं गहाण ठेवण्याची आपल्याला लाज वाटते, पण ते अडीनडीलाच असतं असं आपल्याच आज्या सांगत आल्या. फक्त ते सोडवण्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहा.

वसुलीचे फोन येत असतील तर एवढं माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकावणं, अपमान करणं, नातेवाइकांना त्रास देणं यालाही मनाई आहे. तसं झालं तर आधी त्या बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती मोफत नेता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फोनमधले फोटो आणि संपर्क घेऊन ब्लॅकमेल करणारं कर्जाचं ॲप असेल तर १९३० वर सायबर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. गावातला सावकार असेल तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सहकार विभागाच्या निबंधक कार्यालयात त्याची तक्रार होते. हे सगळं घाबरत घाबरत केलं तरी चालतं. लाजेमुळे गप्प राहिलात तर त्याचा फायदा फक्त वसुलीवाल्याला होतो.

सहावी पायरी: नाही म्हणायचा सराव करा

'भीड ही भिकेची बहीण' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. कमावत्या मराठी मुलांचे पैसे मॉलपेक्षा भिडेत जास्त जातात, असं मला मनापासून वाटतं. मामाने मागितले, कसं नाही म्हणू? मित्र म्हणतो फक्त सही कर, कसं टाळू? वर्गणीवाले दारात उभे आहेत, शेजारी बघतायत.

सर्वांत आधी जामीन राहण्याबद्दल. पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या कर्जाला जामीनदार लागतो आणि "नुसती सही तर आहे" म्हणून लोक सही करतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे त्याने हप्ते थकवले तर बँक त्याच्या मागे लागून थकेपर्यंत थांबायला बांधलेली नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. तुमच्या कर्जाच्या नोंदीवरही त्याचा डाग पडू शकतो. तेव्हा सही करण्याआधी स्वतःला विचारा: हे पूर्ण कर्ज उद्या मी फेडेन का? उत्तर नाही असेल तर सही नाही, समोर कोणीही असो.

उसने देताना माझा नियम साधा आहे: परत आले नाहीत तरी नातं तुटणार नाही एवढेच द्यावेत. तेवढे देताना मनात 'दिले' म्हणावं. त्याहून जास्त द्यायचे असतील तर तारीख आणि रक्कम एकमेकांना मेसेज करून ठेवावी. यात अविश्वास नाही. वर्षभराने दोघांच्या आठवणीत वेगवेगळे आकडे असतात, भांडण त्यातून होतं.

नाही कसं म्हणायचं, हे आरशासमोर बोलून बघण्याइतकं महत्त्वाचं आहे. ऐनवेळी शब्द सापडत नाहीत आणि तोंडातून होकार निघून जातो. मोठ्यांशी असं बोलता येईल:

"मामा, तुम्ही मागितले म्हणजे नड असणार हे मला कळतं. माझ्याकडे पंचवीस हजार नाहीत. तीन हजार आहेत, ते आत्ता पाठवतो. परत नाही केलेत तरी चालतील."

जामिनासाठी आलेल्या चुलतभावाला:

"दादा, मी कोणालाच जामीन राहत नाही, हे घरात ठरवून टाकलंय. राग मानू नकोस. कागदपत्रं करायला, बँकेत यायला मी तुझ्याबरोबर येईन."

कारणांची लांबण लावू नका. जितकी कारणं सांगाल तितकी समोरचा सोडवून देईल. "आत्ता हप्ता आहे" म्हटलं तर तो म्हणेल, "मग पुढच्या महिन्यात दे." आणि लगेच उत्तर द्यायचं बंधनही कुठेच नाही. "रविवारी हिशेबाला बसतो, मग सांगतो" हे वाक्य पाठ करा.

नाही म्हटल्यावर दोन दिवस वाईट वाटेल. ते वाटणं म्हणजे चूक झाल्याची खूण आहे असं समजू नका. लग्नसराईच्या आहेराचंही वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, सख्ख्यांना किती आणि बाकीच्यांना किती. मग पत्रिका हातात आल्यावर बोटं मोजत बसावं लागत नाही.

सातवी पायरी: घरात पैशावर बोला

नोटेला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. लक्ष्मीपूजनाला वही-पैसा पाटावर मांडतो. पण जेवताना कोणी कर्जाचा आकडा काढला की "आता हा विषय नको" होतं. त्यामुळे बऱ्याच घरांत मुलांना वडिलांचं कर्ज त्यांच्या आजारपणात कळतं आणि बायकोला नवऱ्याची खाती तो गेल्यावर.

आई-बाबांशी सुरुवात चौकशीच्या सुरात करू नका, त्यांना झडती वाटते. आधी स्वतःचं सांगा. "बाबा, मला एवढा पगार मिळतो, यातले घरी एवढे देईन, एवढे साठवणार आहे. तुमचं काय मत?" सल्ला मागितला की माणूस उघडतो. मग हळूहळू पॉलिसी कुठे आहेत, खात्याला वारस लावलाय का, कोणाचं देणं आहे का, हे विचारता येतं. घरी किती पाठवणार ते पहिल्या पगारालाच स्पष्ट सांगा. पहिल्या वर्षी भरभरून पाठवून दुसऱ्या वर्षी हात आखडला तर दोन्हीकडे मनं दुखावतात.

नवरा-बायकोंनी महिन्यातून एकदा, भांडण झालेलं नसताना, एवढं ठरवावं: कुठल्या रकमेपर्यंत दोघांनी एकमेकांना न विचारता खर्च करायचा. कोणाच्या घरी ती पाचशे असेल, कोणाच्या पाच हजार. त्या मर्यादेत प्रश्न विचारायचे नाहीत, टोमणे मारायचे नाहीत. एकाला पैसे साठवल्यावर सुरक्षित वाटतं आणि दुसऱ्याला खर्च केल्यावर मोकळं वाटतं, असं बऱ्याच जोड्यांत असतं; पहिल्या पायरीतला कागद एकमेकांना वाचायला दिलात तर त्यामागचं घर दिसेल. आणि ज्या बाईचा पगार नाही, तिच्या नावावर स्वतःचं खातं आणि दर महिना ठरलेली रक्कम असलीच पाहिजे. मागून घ्यावे लागणारे पैसे माणसाला आत कुठेतरी लहान करतात. बचत गटात जाऊ लागलेल्या बायकांचा आवाज घरात हळूहळू कसा वाढतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे पटेल.

आठवी पायरी: दुसऱ्याच्या ताटाकडे आणि रोजच्या भावाकडे बघणं कमी करा

शाळेतल्या मित्राने वाकडला फ्लॅट घेतला हे स्टेटसवर दिसतं, त्याचा वीस वर्षांचा हप्ता आणि त्यापायी विकलेलं वडिलांचं शेत दिसत नाही. ज्या खात्यांकडे बघून तुम्हाला आपलं आयुष्य थिटं वाटतं ती महिनाभर म्यूट करा. तिसऱ्या पायरीतल्या वहीत हेव्यापोटी झालेले खर्च किती आहेत बघा आणि मग ठरवा, परत सुरू करायची का.

एसआयपी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डॅनियल कानेमन आणि ॲमॉस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख आपल्याला जास्त जाणवतं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळून २६ हजारांच्या खाली गेला. अनेकांनी घाबरून सगळं विकलं. त्याच वर्षाअखेर तो ४७ हजारांच्या वर होता. दर वेळी असंच होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि म्हणूनच येत्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नसावा. पण जो लांबच्या मुदतीचा आहे, त्याचा भाव रोज बघून आपण फक्त दुःख वाढवतो.

मदत कधी घ्यायची

रविवारची बैठक दोन-तीन महिने करूनही आकडा बघताना हात थरथरत असतील, खरेदी किंवा जुगार थांबवता येत नसेल, घरच्यांपासून कर्ज लपवावं लागत असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर हे समुपदेशकाचं किंवा डॉक्टरांचं काम आहे. आर्थिक सल्लागाराकडे गेल्याने ते सुटणार नाही. आणि आर्थिक सल्ला हवाच असेल तर सेबी या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असलेला, फी घेऊन सल्ला देणारा माणूस शोधा. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक पडताळता येतो. पॉलिसी विकणारा ओळखीचा काका कितीही प्रेमळ असला तरी त्याचं कमिशन पॉलिसीतून येतं.

कर्जामुळे जीव नकोसा झाल्यासारखं वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र केव्हाही, आणि मराठीतून बोलता येतं. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात. काय बोलायचं सुचत नसेल तर "माझ्यावर कर्ज आहे आणि मला सहन होत नाही" एवढं म्हणा, पुढचं ते विचारतात. घरात कोणी हप्त्यांमुळे गप्प गप्प झालेलं दिसत असेल, तर नंबर त्याच्या फोनमध्ये नुसता टाकून ठेवू नका. शेजारी बसा आणि फोन तुम्ही लावून द्या.